आधी हसणारा मंगळू

पेठ नाक्याच्या अलीकडे, एक गॅरेज आणि एक रसवंती यांच्या मधल्या अरुंद गाळ्यात मंगळू भोयेचं दुकान होतं. पाटीवर ‘तृप्ती साऊंड सर्व्हिस’ आणि चारही भोंग्यांवर तांबड्या रंगात तेच नाव. तृप्ती ही त्याची एकुलती एक मुलगी. साखरपुडा असो, दशक्रियेचं प्रवचन असो, गणपती असो की निवडणूक, पंचवटीपासून म्हसरूळपर्यंत माईक लागला तर तो बहुतेक मंगळूचाच असायचा. माणूस वेळेवर यायचा, वायर नीट टाकायचा, आणि त्याचा माईक कधी शिट्टी मारायचा नाही. धंद्यात याहून मोठं सर्टिफिकेट नसतं.

मूळचा तो पेठच्या पलीकडचा, डोंगरातला. नागली-भाताची शेती चार महिने पुरायची, उरलेले आठ महिने सगळं गाव द्राक्षबागांवर मजुरीला. चौदाव्या वर्षी तोही टोळीबरोबर खाली उतरला आणि बागेत न जाता नाशकात मल्हारीशेठच्या मंडप डेकोरेशनच्या आवारात राहिला. तिथं त्याला कोणी मंगळू म्हणत नसे. ‘ए लंगोट्या, बांबू उचल.’ ‘ए उंदीरखाऊ, जेवलास का?’ दुखवायचं म्हणून कोणी म्हणत नव्हतं, हेही खरंच. चहा पिता पिता म्हणायचे, पाठीवर थाप मारून म्हणायचे. पहिल्या महिन्यात तो रडला. दुसऱ्या महिन्यात त्यानं एक गोष्ट शिकून घेतली: त्यांच्या आधी आपणच हसायचं. मोठ्यानं, मान मागे टाकून. असं केलं की म्हणणाऱ्याची गंमत लवकर संपते आणि तो दुसऱ्या कामाला लागतो. या हसण्यावर मंगळूनं आवारात बारा वर्षं काढली. त्या हसण्याला शेवटी एक उचकीसारखा हिसका होता, आणि लांबून ऐकलं तरी मंगळू हसला हे कळायचं.

लोक म्हणत, मंगळू लई मनमोकळा. मनमोकळा कसला? पण कोणाला एवढं खोलात शिरायला वेळ असतो!

स्वतःचं मशीन घेतल्यावर त्यानं पुढाऱ्यांसाठी एक युक्ती काढली. भाषणाची कॅसेट सगळेच भरून द्यायचे, पण नुसत्या भाषणाच्या माईकवरून भरलेल्या कॅसेटमध्ये टाळ्या येत नाहीत, पुढारी एकटाच खोलीत ओरडल्यासारखा वाटतो. मंगळू आपल्या टेबलावर दुसरा एक छोटा माईक लोकांकडे तोंड करून ठेवायचा. तो भोंग्याला जोडलेला नसे, फक्त टेपला. टाळ्या, घोषणा, हशा, सगळं कॅसेटमध्ये. पुढारी घरी बसून आपल्याच टाळ्या ऐकायचे आणि खूश व्हायचे. शिवाय मंगळूला हसायची जागा कळायची. पुढारी कोटी करून थांबला आणि समोर नुसते चेहरे असले, की स्टेजच्या कडेला बसलेला मंगळू पहिला हसायचा. मग दोन खुर्च्या हसायच्या, मग रांग, मग मैदान. रंगनाथराव तर दुसऱ्या कोणाचा माईक लावूच द्यायचे नाहीत. रंगनाथराव म्हणजे त्या भागातलं मोठं प्रस्थ, तीनदा निवडून आलेले. त्यांच्या तोंडाला कुलूप नाही असं लोक कौतुकानं म्हणायचे. एखाद्याच्या तोंडाला कुलूप नसण्याचं कौतुक ज्यांच्या घरावर ते तोंड कधी सुटत नाही त्यांनाच परवडतं.

दोन हजार दोनची महापालिकेची निवडणूक आली आणि पेठ रोडच्या वस्तीतल्या धोंडाबाई गावित उभ्या राहिल्या. धोंडाबाई मंगळूच्याच समाजाच्या. दवाखान्यात आया म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. वस्तीतल्या निम्म्या पोरांचे जातीचे दाखले त्यांनी कचेरीत हेलपाटे घालून काढून दिलेले. तृप्तीचा दाखलाही त्यांनीच काढला होता. मंगळूला तीन वेळा परत पाठवणाऱ्या कारकुनाच्या समोर ही बाई सकाळी दहाला जाऊन बसली आणि चार वाजता कागद घेऊनच उठली. त्या राखीव जागेवर उभ्या राहिल्या असत्या तर कोणाला काही वाटलं नसतं. त्या उभ्या राहिल्या खुल्या जागेवर, रंगनाथरावांच्या सुनेच्या विरोधात. इथंच सगळं बिनसलं.

सभा धोंडाबाईंच्या वस्तीला लागून असलेल्या मैदानात ठेवली. संध्याकाळी पाचला मंगळू भोंगे बांधत होता तेव्हा रंगनाथरावांचा उजवा हात कुंदन आला आणि एक भोंगा वस्तीच्या तोंडाला फिरवायला सांगून गेला. मंगळूनं फिरवला. भोंगा कुठं तोंड करून बांधायचा हे गिऱ्हाईकानं सांगायचं असतं. त्या वस्तीत मंगळूचंही घर होतं.

रंगनाथराव चाळीस मिनिटं बोलले. पाणी, गटारी, रस्ते, सगळं झालं. मग ते थांबले, शाल सारखी केली आणि म्हणाले, "काल-परवापर्यंत लंगोटी लावून डोंगरात उंदीर भाजत होते, आता यांना महापालिकेत बसायचंय. बसू द्या की! सभागृहात उंदीर फार झालेत, तेवढी सोय होईल."

क्षणभर कोणी हसलं नाही. हे मुद्दाम सांगितलं पाहिजे, कारण पुढं सगळं त्या क्षणावरच अडलं. समोर हजार-बाराशे माणसं होती, त्यांत डोंगरातली पन्नास-साठ तरी असतील, आणि हे बोलायचं होतं की नव्हतं याचा अंदाज घेत सगळं मैदान गप्प होतं. त्या गप्पपणात स्टेजच्या कडेला एक माणूस मान मागे टाकून हसला. मग दोन खुर्च्या हसल्या, मग रांग, मग मैदान. रंगनाथरावांना जोर चढला आणि त्यांनी उंदरावर आणखी दोन वाक्यं टाकली.

मंगळू घरी आला तेव्हा तृप्ती दारात उभी होती. तिचं कॉलेजचं पहिलं वर्ष. भाषणातला शब्द न् शब्द घरात ऐकू आला होता. तिची आई चिमणाबाई भाकरी करता करता उठून तवा उतरवून बसली होती. तृप्तीनं विचारलं, तुम्ही मशीन बंद का नाही केलं? मंगळू म्हणाला, बोलणाऱ्याचं तोंड धरणं आपलं काम नाही, आपलं काम आवाज पोचवायचं. हे तो नेहमीच म्हणायचा आणि ते त्याला पटलेलंही होतं. मग तृप्ती म्हणाली, "पण बाबा, कॅसेट असेल ना तुमच्याकडं? मग आता असं बोललोच नाही, असं ते म्हणू शकणार नाहीत."

मशीनवाला हसला होता हे तिला ठाऊक नव्हतं. भोंग्यातून मैदानाचा हशा येत नाही, फक्त बोलणाऱ्याचा आवाज येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी शटर अर्धं ओढून मंगळूनं ती कॅसेट लावली. रंगनाथरावांचं वाक्य स्वच्छ आलं होतं. त्यानंतरचा गप्पपणा आला होता. आणि मग टेबलावरच्या छोट्या माईकच्या अगदी तोंडाशी, मैदानभर हशा उठायच्या आधी, तो स्वतः. हिसक्यासकट. मंगळूनं तीन वेळा मागं नेऊन ऐकलं. तेवढाच तुकडा कापता येतो का तेही पाहिलं. येत नव्हता. त्याचं हसणं संपायच्या आतच मैदानाचा हशा उठला होता आणि त्यावरच रंगनाथरावांची उंदरावरची पुढची वाक्यं आली होती. हसणं कापलं तर ती वाक्यंही कापली जाणार, आणि कापलेली कॅसेट कोर्टात कोण धरतो?

धोंडाबाईंनी फिर्याद दिली. निवडणुकीत पडायच्या होत्या त्या पडल्याच, पण फिर्याद मागं घेतली नाही. त्या स्वतः दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, मंगळू, सभेतल्या कोणालाही विचारलं तर म्हणतो नीट ऐकू आलं नाही. तुझी कॅसेट नसेल तर माझ्या बोलण्याला काय किंमत? त्यांनी दाखल्याची आठवण काढली नाही. काढली असती तर मंगळूला नाही म्हणायला सोपं गेलं असतं.

कुंदनही आला. धाकदपटशा काही नाही, उलट दोन चहा मागवले. साहेबांना ती कॅसेट आठवण म्हणून हवीय म्हणाला. पुढल्या वर्षी कुंभमेळा आहे, साधुग्राममध्ये माईक लागतील, तेव्हा आपली माणसं आठवतात, असंही म्हणाला. मंगळू हसला. सवयीनंच. कुंदनला वाटलं काम झालं.

काम झालं नाही ते तृप्तीमुळं. तिनं बापाला न विचारताच कॉलेजात मैत्रिणींना सांगून टाकलं होतं की माझ्या बाबांकडं पुरावा आहे आणि ते देणार आहेत. घरात ती त्याच्याकडं अशी बघायला लागली होती की मंगळूला जेवताना मान वर करणं कठीण झालं. आयुष्यात त्याच्याकडं असं कोणी पाहिलं नव्हतं. कॅसेट हरवली म्हणायचं तर हे बघणं जाणार होतं. दिली तर ते हसणं कधी तरी तिच्या कानावर पडणार होतं. पण माणूस आपल्या सोयीचा हिशेब करतो. मंगळूनं स्वतःला समजावलं की हजार माणसांच्या हशात एकाचं हसणं कोण ओळखतो, आणि पोलीस तर वाक्य ऐकतील, हसणं कशाला ऐकत बसतील? त्यानं कॅसेट पोलिसांना दिली, पंचनाम्यावर सही केली.

मग दोन वर्षं केस तारखांवर चालली, आणि ती दोन वर्षं मंगळूच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं होती. हे सांगताना जीभ कडू होते, पण खरं ते खरं. कुंभमेळ्याचं काम गेलं, मोठ्या सभा गेल्या, पण वस्तीत लोक त्याला ‘मंगळूदादा’ म्हणायला लागले. धोंडाबाई हळदीकुंकवाला चिमणाबाईला मानानं पुढं बसवायच्या. तृप्तीनं वक्तृत्व स्पर्धेत भाग घेतला आणि भाषणात बापाचं उदाहरण दिलं. ते भाषण मंगळूनं भरून घेतलं, दुसऱ्या माईकसकट. त्यातल्या टाळ्या तो दुकानात एकटा असताना ऐकायचा.

साक्षीच्या दिवशी तृप्ती कोर्टात आली. येऊ नको म्हणून त्यानं खूप सांगितलं, परीक्षा जवळ आली, गर्दी असते, काय न् काय. ती म्हणाली, हा दिवस मी चुकवणार नाही. धोंडाबाईंच्या शेजारी बाकावर बसली.

सरकारी वकिलानं वाक्य ऐकवलं आणि तो बसला. रंगनाथरावांचा वकील उठला. शांत, गोड बोलणारा माणूस. त्यानं परत तेच वाक्य लावायला सांगितलं, आणि वाक्य संपल्यावर हात वर करून, टेप चालू राहू द्या, म्हणाला. गप्पपणा आला. मग हसणं आलं. तृप्तीनं झटकन मान वर केली. वकिलानं प्रश्न विचारायच्या आधीच तिला कळलं होतं. घरात रोज ऐकलेलं हसणं पोरीला कळणार नाही तर कोणाला?

"हे पहिलं हसणं कोणाचं?" वकिलानं विचारलं.

"माझं."

"तुमची जात?"

मंगळूनं सांगितली.

"म्हणजे ज्या समाजाचा अपमान झाला म्हणता, त्याच समाजाचा माणूस पहिला हसला. बाकीचे तुम्ही हसलात म्हणून हसले. बरोबर?"

मंगळूनं मग जे सांगितलं ते त्यानं दोन वर्षं मनात घोटून ठेवलेलं होतं. तो म्हणाला, साहेब, आमचं लक्ष शब्दांकडं नसतं. आवाज फाटतोय का, शिट्टी मारतोय का, एवढंच आम्ही ऐकतो. रंगनाथराव थांबले की हसायचं, ही सवय. काय बोलले ते मला त्या वेळी कळलंच नाही. न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. वकील म्हणाला, एवढंच विचारायचं होतं, आणि बसला. त्याला आणखी काय हवं होतं! समाजाचा माणूस हसतो, हातभर अंतरावर बसलेल्याला अपमान कळतसुद्धा नाही, मग हेतू कुठून सिद्ध करणार?

रंगनाथराव सुटले. अपमान करण्याचा हेतू संशयापलीकडं सिद्ध झाला नाही, असं निकालात होतं. असं बोलणं चांगलं आहे असं कोर्टानं कुठंही म्हटलं नव्हतं. पण निकाल वाचतो कोण? रंगनाथराव पुढल्या सभेत म्हणाले, "आमच्या बोलण्यावर कोर्टात खटला झाला, मित्रांनो. पण कोर्टात कळलं की ज्यांच्यावर बोललो तेच सगळ्यात आधी हसले. आता तुम्ही लाजता कशाला?" माईक दुसऱ्या कोणाचा तरी होता. हसायला या वेळी कोणी सुरुवात करून द्यावी लागली नाही. पूर्वी जे मंडपाच्या आवारात, चहाच्या टपरीवर बोललं जायचं ते आता मैदानात बोलता येऊ लागलं, आणि कोणी हरकत घेतली तर उत्तर तयार होतं.

वस्तीत कोणी मंगळूला वाईट बोललं नाही. ‘दादा’ मात्र गळालं. एका म्हाताऱ्यानं रसवंतीवर सगळ्यांच्या देखत म्हटलं, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, आणि पुढं उसाच्या भावाबद्दल बोलायला लागला. धोंडाबाई एकदा दुकानासमोरून गेल्या. थांबल्या नाहीत. त्यांचा राग असता तर मंगळूनं पाय धरले असते, पण त्यांच्या तोंडावर राग नव्हता. नुसत्या दमलेल्या दिसल्या.

तृप्ती घरी बोलायची, पण कामापुरतं. कोर्टाचा विषय तिनं काढला नाही, मंगळूनंही काढला नाही. चिमणाबाई दोघांना वाढायची आणि मुकाट्यानं ताटं उचलायची. चार महिने गेले. मंगळूला वाटायला लागलं की होईल, हळूहळू निवळेल.

मग एके दिवशी तृप्ती दुपारीच कॉलेजातून परत आली आणि घरी न जाता सरळ दुकानात आली. मंगळू एका भोंग्याचं तोंड उघडून बसला होता. ती समोरच्या स्टुलावर बसली. मग सांगायला लागली, अगदी सरळ आवाजात, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. निकाल पेपरात आल्यापासून ती वर्गात शिरली की मागच्या बाकांवरून उंदराचा आवाज येतो. चूं चूं. एवढाच. आधी दोघं करायचे, आता पंधरा-वीस करतात. तिनं त्या दिवशी प्राचार्यांकडं तक्रार केली. प्राचार्यांनी पोरांना बोलावलं. पोरं म्हणाली, सर, आम्ही काही बोललोच नाही, शब्द कुठला वापरला ते तिलाच विचारा. प्राचार्यांनी तिला विचारलं, शब्द कुठला? शब्द नव्हता. प्राचार्य म्हणाले, मग मी कशावर कारवाई करू? बाहेर आल्यावर त्यातला एक पोरगा म्हणाला, तुझा बाप तर खदाखदा हसला होता, तुलाच एवढं का लागतं?

मंगळू पेचकसानं भोंग्याचा घट्ट असलेलाच एक स्क्रू पुन्हा आवळत राहिला.

"एकच विचारते," तृप्ती म्हणाली. "हसलात तेव्हा तुम्हाला खरंच कळलं नव्हतं का, ते कोणाला म्हणतायत?"

कोर्टात दिलेलं उत्तर त्याच्या तोंडात तयार होतं. आवाज, शिट्टी, सवय. न्यायाधीशांनी धरलं होतं ते, पोरीनंही कदाचित धरलं असतं. धरायचीच तिची इच्छा होती, म्हणून तर विचारत होती. मंगळूनं पेचकस खाली ठेवला.

"कळलं होतं," तो म्हणाला. "पहिल्या शब्दालाच कळलं."

"मग?"

"आपण नाय हसलो ना पोरी, तर सगळे वळून आपल्याकडंच बघतात."

रस्त्यावरून पेठची एसटी गेली. तृप्ती ती जाईपर्यंत थांबली.

"ते तर माझ्याकडं रोजच बघतात, बाबा," ती म्हणाली. "मग उद्यापासून मीपण हसू का?"

तिनं हे रागानं विचारलं नव्हतं. तिला खरोखरच उत्तर हवं होतं. हसल्यानं काय वाचतं आणि काय जातं, हे तिच्या ओळखीत या एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ती त्याच्या तोंडाकडं बघत बसून राहिली. मंगळूला हो म्हणवेना, आणि नको म्हणायचं तोंडही त्याला उरलं नव्हतं.